तटस्थ चित्र, क्रमांक एकोणीस

अंगठी निघेना.
बोगोमिर झुपानचं बोट सुजलेलं, अठ्ठावन्न वर्षांचं,
घरं शाकारून शाकारून नखांत कौलाची माती मुरलेली.
साबण लावला, कोमट पाणी ओतलं,
शेवटी ती माझ्या तळहातावर पडली
तेव्हा खाली बघत त्यानं विचारलं,
"चुंबक एवढा हट्टी असतो?"
असतो, म्हटलं. पट्टा, नाणी, किल्ल्या, सगळं काढा.

मारिबोरच्या इस्पितळात, तळघरात, माझं यंत्र आहे.
वर द्रावा नदीवर नोव्हेंबरचं धुकं,
परवा मार्टिनचा सण.
त्या दिवशी इथं द्राक्षाच्या रसाला वाइन म्हणवून घेण्याची परवानगी मिळते
आणि माणसांना बाकी सगळ्याची.

काम सोपं आहे.
आडवं पडायचं. डोळ्यांपुढे चित्रं येतात:
रडणारं पोर, जळालेलं घर, पिंजऱ्यातलं कुत्रं.
प्रत्येक चित्राआधी एक शब्द,
'बघा' किंवा 'निववा'.
'निववा' आलं की मनाशी म्हणायचं,
घर रिकामं होतं, पोराची आई येतेच आहे.
मग किती लागलं, एक ते चार, बटण दाबायचं.

डॉक्टर तादेया सगळ्यांना सांगते,
कपाळामागे एक शहाणा शेजारी राहतो
आणि आत खोल, बदामाएवढी एक भित्री गाठ.
ती किंचाळली की तो भिंतीवर टकटक करतो,
अगं काही नाही, झोप.
जे फार पितात त्यांची भिंत जाड झालेली असते,
की शेजारीच घर सोडून गेलेला,
आणि तो आधी गेला की बाटली आधी आली,
हे आम्हाला मोजायचं आहे.
अजून मोजून झालेलं नाही.

बोगोमिर शांत निघाला.
जळालेलं घर: दोन. पोर: दोन. कुत्रं: एक.
मध्ये मध्ये विसाव्याची चित्रं येतात,
छत्री, खुर्ची, कपबशी.
त्यांना सगळेच एक देतात.

क्रमांक एकोणीस: भिंतीला टेकवलेली शिडी.
चार.
पुन्हा चार. बटण सुटेचना,
चार चार चार, माझ्या पडद्यावर
कौलांवर गारा पडाव्यात तसे.

यंत्र थांबवून मी माइक उघडला. "ठीक आहात ना?"
बराच वेळ नुसता श्वास. मग,
"शब्द कुठला होता, सिस्टर? बघा की निववा?"
"बघा."
"हां," तो म्हणाला. "मग बरोबर आहे."

नंतर बूट घालताना, मी काही न विचारता,
नाडीशी बोलावं तसा:
"टिलेन सतरा वर्षांचा होता. शिकाऊ.
खालची पायरी मी धरली होती. फोन वाजला म्हणून सोडली.
त्याची आई म्हणाली, तुमचा दोष नाही.
त्या रात्री मी ते गिळलं.
राग गिळतात, अपमान गिळतात, आवंढा गिळतात,
आणि गिळायचं म्हटलं की काहीतरी ओलं लागतंच ना, सिस्टर?
पहिला ग्लास खरंच निववतो. तुमच्या त्या शेजाऱ्याच्या आधी धावून येतो.
सकाळी शिडी तिथंच.
आणि एक पायरी जास्त."

तादेयानं ती ओळ खोडली.
तटस्थ चित्राला चार, म्हणजे बटणाची चूक.
एका माणसाच्या शिडीसाठी
सत्तर जणांची सरासरी हलवता येत नाही.
तिचंही खोटं नाही.
मी कडेला पेन्सिलीनं लिहिलं: चूक नव्हे.
मग तेही पुसलं. वहीत असलं काही लिहायची रीत नाही.

तेवढ्यात ट्रेमध्ये अंगठी दिसली.
कोट न घालताच पळत सुटले.
इथं बसथांबा आणि गुत्ता एकाच दिव्याखाली आहेत.
तो दोहोंच्या मध्ये उभा,
रिकामं बोट अंगठ्यानं चोळत.

अंगठी घातली त्यानं. सांध्यापाशी अडली.
"नेहमीच अडते," म्हणाला. "जरा थांबावं लागतं."
आम्ही थांबलो.
सहा नंबरची बस आली, गेली.
धुक्यात कुणीतरी दार उघडलं,
आतला उजेड आणि हसू रस्त्यावर सांडलं,
दार लागलं.